हवालदाराचा पत्रा

छपराच्या धंद्यात किस्से शोधत फिरावं लागत नाही. आपण शिडीवर असतो, खाली घरातली भांडणं चालू असतात आणि शिडीवरच्या माणसाला ऐकू येत नाही अशी सगळ्यांची खात्री असते! दुसरी मोठी लढाई संपली, लष्करी गोदामांतला पत्रा बाजारात आला आणि सातारा-सांगलीकडं जो तो छपरं बदलायला निघाला. दत्तोबा मिस्त्रींच्या टोळीत माझं काम मापं घ्यायचं. पत्रा ठोकून यायचो. उन्हाळ्यात तो तापला की घरवाले पुन्हा बोलवायचे. खरी मजा त्या दुसऱ्या फेरीत!

*

मिरजेत एका सतारी करणाऱ्यांच्या घरी असंच बोलावणं आलं. निम्म्या घरावर जुनी कौलं, निम्म्यावर आमचा पत्रा. बघतो तर गार कौलांखाली तंबोऱ्याचे भोपळे ओळीनं मांडलेले आणि बायकापोरं पत्र्याखाली घामाघूम!

"अहो, भोपळ्यांना उष्णता सोसत नाही. तडा जातो," कारागीर आम्हाला समजावत होते.

 बाईंनी एकेक पोर उचललं, भोपळ्यांच्या ओळीत नेऊन बसवलं आणि शेवटी स्वतः बसल्या.

"हं, आता आम्हालाही पॉलिश करा!"

त्याच दिवशी पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं छत लागलं.

*

माधवनगरला गिरणीतल्या एका जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, पत्र्यावर आम्ही चुन्याचा जाड हात मारला. घर चांगलंच निवलं. दुसऱ्या दुपारी शेजारच्या माडीवरचे अण्णा डोळ्यांवर उपरणं धरून हजर!

"तुमचं ऊन तुमच्याकडं ठेवा! माझ्या माडीत कशाला पाठवता?"

जॉबर बिचारा भला माणूस. "खरवडून काढू का चुना?" त्यानं विचारलं.

"खरवडता कशाला? उरला असेल तर माझ्याही पत्र्याला लावा. पलीकडं वकिलांची माडी माझ्यापेक्षा उंच आहे!"

*

उंब्रजला एका स्वयंपाकघरात पत्र्याखाली कोंडलेल्या धुरानं सुनेचे डोळे कायम लाल. दत्तोबांनी चुलीवर धुराडं काढून दिलं. सून खूश, सासू मात्र भडकली. बियाणाची मक्याची कणसं ती चुलीवर टांगायची. धुरानं त्यांना कीड लागत नसे.

"धूर परत आना! माजं बी किडंल न्हवं!"

दत्तोबांनी डोकं खाजवलं आणि कणसं वर छपरावर, धुराड्याच्या तोंडाशी नेऊन टांगली. सून खालून बघत होती.

"लय झ्याक झालं, मिस्त्री. आता खोकू दे कणसास्नी!"

*

त्याच उंब्रजमधला हा तुकाराम हवालदार. आई गवती छपराखाली, ओलीत झोपते, हे त्याला लढाईवर सारखं आठवायचं. तुझ्यावर पत्रा घालीन, असा शब्द देऊनच तो गेला होता. लढाई संपल्यावर लांब रजेवर आला आणि त्यानं रस्त्याला लागून घर बांधलं. पत्रा असा चकाके की मोटारीतली माणसं वळून बघत.

पण आई दुपारी आत टिकेना. घोंगडं घेऊन ती गोठ्यात गेली, तिथं म्हशीशेजारी तिचा मुक्काम पडला. हवालदारानं आम्हाला पुन्हा बोलवलं तेव्हा त्याची रजा संपत आली होती. आई घरात राहिलेली बघितल्याशिवाय त्याचा पाय निघणार नव्हता.

"आये, येवडं तापत न्हाई गं," तो म्हणायचा.

"मग तू पड की आत, दुपारभर."

पडला! फौजी माणूस, शब्द खाली पडू देईना. आम्ही ओट्यावर बसून होतो. ऊन कलल्यावर बाहेर आला तेव्हा सदरा पिळून काढण्याजोगा.

"कसं हाय?" म्हातारीनं विचारलं.

"गारच हाय," असं म्हणून त्यानं उभ्या उभ्या अर्धी कळशी घशात ओतली.

दत्तोबा म्हणाले, "हवालदार, वरनं उसाचं पाचट पसरू. निवंल घर."

"आन मग पत्रा दिसायचा कसा?" तो कळवळून म्हणाला. मला खरंच वाईट वाटलं. मग त्यानं गोठ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून म्हणाला, "टाका."

आम्ही जाडजूड पाचट पसरलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवले. दुसऱ्या दुपारी हवालदारानं आईला हाताला धरून आणलं. म्हातारी उंबऱ्यात थांबली, आत हात घालून बघितला. गार होतं. मग मागं सरकून तिनं वर पाहिलं.

"आन पत्रा कुटं ग्येला?"

"हाय की खाली, मावशी," दत्तोबा म्हणाले.

"कुनाला दिसतुय? माज्या लेकानं पत्रा घातला म्हून मी गावभर सांगितलंय! त्यो रस्त्याकडचा एक उघडा करा."

"आवं, त्याच्याखाली लय तापंल."

"तापू दे की."

आम्ही तेवढ्या एका पत्र्यावरचं पाचट ओढून काढलं. उन्हात तो लखकन चमकला. म्हातारीनं गोठ्यातून घोंगडं आणलं, गार घर ओलांडून गेली आणि बरोबर त्या पत्र्याखाली अंथरलं.