बिनहाडाचा रस्सा

हे बघा, चहा संपेपर्यंत कोणी मधे बोलायचं नाही, आणि हसायचं तर बिलकुलच नाही. कारण ज्याची फजिती सांगतोय तो समोर बसलेला मीच आहे! आमच्या धामणगाव बढ्यात येऊन कोणालाही विचारा, "वसंताभाऊचं घर कुठं?" तो आधी पोट धरून हसेल, मग विचारेल, "कोनता वसंता? दाढवाला का?"

तर त्या दाढेपासूनच सुरू करतो.

माझी उजवीकडची खालची दाढ म्हणजे बाजार समितीतल्या ओलावा मोजायच्या यंत्रापेक्षा पक्की. हंगामात लोक सोयाबीनचे दाणे मुठीत घेऊन माझ्या ओट्यावर येतात. मी एक दाणा दाढेखाली धरतो, कट्ट असा आवाज ऐकतो आणि सांगतो, "चौदा ओलावा. दोन दिवस ऊन दाखव, मंग ने बाजारात." तीस वर्षांत माझा अंदाज चुकला नाही. म्हणजे एकदा चुकला होता, पण तेव्हा यंत्रच बिघडलेलं होतं, असं माझं आजही म्हणणं आहे.

दुसरी गोष्ट माळेची. तीन वर्षांपूर्वी मी तुळशीची माळ घातली. त्याआधी मी काय होतो ते विचारू नका. पंचक्रोशीत कुठंही नवसाचं बोकड कापलं, की आमंत्रण नसताना माझं ताट मांडलेलं असायचं. मी माळ घातली तेव्हा माझा लंगोटीयार नामदेव भर चौकात म्हणाला, "सहा महिने! त्याच्यावर एक दिवस टिकला हा, तर मी मिशी काढतो."

तीन वर्षं टिकलो. त्याने मिशी काढली नाही ती गोष्ट वेगळी. पण गावाने शेवटी मानलं. यंदाच्या सप्त्यात शेवटच्या दिवशी महाराजांचं जेवण आमच्या घरी ठरलं. माझ्या घरी! ज्या घराच्या मागून एकेकाळी मसाल्याचा वास सुटला की निम्मं गाव नाक वर करून यायचं, त्या घरी! शोभा, म्हणजे आमच्या घरची मंडळी, ते ऐकून देवापुढे रडली होती. आता माळेला धक्का लागला असता, तर काय काय गेलं असतं ते लक्षात आलं ना?

आणि नेमकं तेव्हाच माझ्या मांड्या दुखायला लागल्या. दोन जिने चढलो की धाप. केस तर उशीवरच राहायचे. शोभाने मला धरून खामगावला नेलं. डॉक्टरने रक्त काढलं, कागद बघितला आणि म्हणाला, "काका, प्रोटीन फार कमी पडतंय तुम्हाला. अंडी खाता का?"

मी सदऱ्याचं बटण काढलं, माळ बाहेर काढून दाखवली, आणि ताडकन उठून बाहेर आलो. बाकावर बसून शेजारच्या पेशंटला सांगितलं, "पाहिलं का? धर्म बुडवाले बसले हे लोक."

शोभा मात्र आत राहिली. चांगली दहा मिनिटं. बाहेर आली ती गालातल्या गालात हसत.

"का म्हनला तो?" मी विचारलं.

"काही नाही. म्हने खानंपिनं सुधारा."

"अंड्याचं बोलला का अजून?"

"नाही वो. चला, बस जाईन."

दहा मिनिटं आत काय बोलणं झालं, आणि बाहेर येऊन सांगितलं फक्त एक वाक्य? तुम्हीच सांगा, तुम्हाला नसता का संशय आला? मला तिथेच आला. बसमध्ये तो वाढला. नांदुऱ्यापर्यंत तर तो माझ्या शेजारी सीट धरून बसला होता.

तिसऱ्या दिवशी माझा साळा संजू खामगावहून आला. हा संजू म्हणजे मटणाचा आचारी. लोक तारीख संजूला विचारून नवस फेडतात, अशी त्याची ख्याती. आणि त्याच्या हातात काय? प्लास्टिकची काळी पन्नी!

आता आपल्याकडे काळी पन्नी म्हणजे काय ते काय मी सांगायला पाहिजे? भाजी पांढऱ्या पन्नीत येते, औषध कागदी पुडीत येतं, आणि काळ्या पन्नीत एकच वस्तू येते. घेणारा ती धोतराच्या आड धरून चालतो आणि समोरचा सभ्य माणूस आभाळाकडे बघतो.

"काय आनलं बे संजू?"

"काही नाही भाऊजी!" असं म्हणून गडी पन्नी पाठीमागे धरून चालला सरळ आत.

थोड्या वेळाने मी म्हशीला पाणी पाजायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेलो, तर काय दिसावं? तीन विटांची चूल पेटलेली! ती चूल माळेच्या आधीची. घरातल्या गॅसवर मटण शिजवायचं नाही म्हणून ते तिकडे गोठ्यामागे शिजायचं. तीन वर्षं ती चूल थंड होती. तिच्यात मांजर व्यायची. आणि आज तिच्यावर गंज, म्हणजे पातेलं, चढलेलं, संजू पाट्यावर खोबरं-लवंग वाटतोय, शोभा फुंकणीने जाळ करतेय.

"हे काय चालून राह्यलं?"

दोघंही दचकले. शोभा म्हणाली, "गॅस संपत आला. तुमी घरात जा, धूर लागते."

गॅसची टाकी मी स्वतः चार दिवसांपूर्वी लावली होती!

सांगायची गोष्ट, मी रागाने आत गेलो आणि ठरवलं, आज ताटाला हात लावायचा नाही. पण मग ताट आलं. ज्वारीची भाकर, कांदा, आणि वाटीत लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग, मधे तपकिरी तुकडे. मी म्हटलं, संशय घ्यायचा तर पुराव्यावर घ्यावा. एक तुकडा उचलला, उजव्या दाढेखाली धरला आणि डोळे मिटले.

दाढेने निकाल दिला. मटण! बिनहाडाचं!

"कायची भाजी हाय ही?" मी विचारलं.

"मसाल्याची," शोभा म्हणाली.

मसाल्याची भाजी! हे म्हणजे पाण्याची नदी म्हटल्यासारखं झालं. मला सगळं कळलं. डॉक्टर, शोभा आणि संजू यांचा कट होता. अंडं मी खाणार नाही, म्हणून हाडं काढून मला गुपचूप बोकड चारायचं!

मग मी उठलो का? आता इथे जरा अडचण आहे. उठणारच होतो. पण लगेच उठलो तर त्यांना कळलं असतं की मला कळलं. म्हणून अर्धी भाकर आणखी घेतली. रस्साही घेतला, भाकर कोरडी कशी खाणार?

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्लं. ते खात्री करायला. तिसऱ्या दिवशी दोन तुकडे तोंडात आणि एक रुमालात. रुमालातला घेऊन नामदेवाच्या वावरात गेलो. त्या माणसाच्या गळ्यात माळ नाही, आणि मटणातलं त्याच्याइतकं गावात कोणाला कळत नाही.

"नाम्या, शपथ घे, कोनाले सांगनार नाही. हे कायचं हाय ते सांग."

त्याने रुमाल हुंगला. तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग त्याचा चेहरा गंभीर झाला.

"वसंता, हे बकऱ्याचं नाही."

"मंग?"

"कोंबडीचंही नाही."

"मंग कायचं हाय बे?"

"मी चाळीस वर्षं खाऊन राह्यलो, पन हे जनावर मी पाह्यलेलं नाही." रुमाल झटकून म्हणाला, "अजून हाय का एखादा तुकडा?"

त्या रात्री मला झोप नाही. बोकड तर बोकड, ओळखीचं तरी होतं! हे काय चारत होते मला? शेजारच्या सखूबाईंचं लाल कुत्रं दोन दिवस दिसत नव्हतं. मी जाऊन बघून आलो. ते खाटेखाली झोपलं होतं. मनातल्या मनात मी त्याच्या पाया पडलो.

आणि चौथ्या दिवशी उजाडला सप्त्याचा शेवट. लोणारकडचे तरुण महाराज, अंगाने पैलवान, आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या घरापर्यंत कीर्तन पोचायचं. पंधरा-वीस माणसांची पंगत आमच्या ओसरीत बसली. नामदेवही होता. मी दारात उभा, आणि माझं लक्ष मागच्या अंगणाकडे. कारण तिकडून तोच वास येत होता!

आज? महाराजांच्या पंगतीला? मला वाटलं, नाही, एवढं पाप ती करणार नाही. तोच संजू बादली घेऊन आला. आणि महाराजांच्या वाटीत पळीभर रस्सा पडला. लालभडक. मधे तपकिरी तुकडे.

महाराजांनी घास उचलला.

"थांबा महाराज!"

मी दारातून उडी मारली ती थेट त्यांच्या पायाशी. गळ्यातली माळ काढली आणि त्यांच्या ताटासमोर ठेवली. पंगत जागच्या जागी थिजली.

"महाराज, मी पापी हाय! या घरात मटन शिजून राह्यलं! मी चार दिवस खाल्लं, आजचं सकाळचं धरून! मले हाकलून द्या, पन तो घास खाली ठेवा!"

कोणाच्या तरी हातातला पेला पडला. संजूने बादली पाठीमागे लपवली, हा आणखी एक पुरावा! शोभा दारात आली. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. तिने आत जाऊन ती काळी पन्नी आणली आणि महाराजांसमोरच्या रिकाम्या परातीत उलटी केली.

खड्खड् खड्खड्! सुके, तपकिरी, बोराएवढे गोळे परातीत घरंगळले. एक तर उडी मारून नामदेवाच्या मांडीवर जाऊन बसला.

"हे पाहा यांचं मटन," शोभा म्हणाली, "उड्या मारून राह्यलं!"

महाराजांनी एक गोळा उचलला आणि हसले. "अहो माऊली, ही तर सोयाबीनची वडी. मी रोज खातो. नाहीतर तीन तास उभं राहून कीर्तन करायला ताकद कुठून येणार?"

"सोया... सोयाबीन?"

"हाव, सोयाबीन!" शोभाचा बांध फुटला. "तुमी मिलवर धाडता तेच. तेल काढलं की जे राह्यते, त्याच्यापासून करतात. डॉक्टर हेच सांगत होता, डाळी खा, हरभरा खा, सोयाबीन खा, पन तुमी अंड्याचं नाव ऐकून पळाले. मागं मी सोयाबीनच्या पिठाची भाकर केली होती, तवा काय म्हनले? 'मी का म्हैस हाव?' ताट सरकवून उठले. म्हनून लपून करा लागलं, महाराज! गॅसवर वडी उकडली तर हे वासावर स्वयंपाकघरात येऊन बसतात. अन ह्या संजूले म्हनलं, दिसू नको देऊ, तर हा काळ्या पन्नीत घेऊन आला, गाढवासारखा!"

"दुकानात दुसरी पन्नी नव्हती ना ताई," संजू बादलीआडून म्हणाला.

"म्हनूनच!" नामदेव ओरडला. "म्हनूनच मले ते जनावर ओळखू नाही आलं!"

मग जी हसली पंगत! आणि मी? तीस वर्षं ज्या दाढेने सोयाबीनचा ओलावा सांगितला, त्या दाढेला चार दिवस तोंडात घोळवूनही सोयाबीन ओळखता आलं नव्हतं.

पण खरं मरण पुढेच होतं. हसणं थांबल्यावर महाराजांनी माझी माळ हातात घेतली. मला वाटलं, घालतात गळ्यात आणि सुटलो. ते मात्र शांतपणे म्हणाले, "माऊली, एक शंका आहे. पहिल्या दिवशीच तुम्हाला ते मटण वाटलं ना?"

"हो महाराज."

"मग दुसऱ्या दिवशी का खाल्लं?"

"खात्री कराले."

"तिसऱ्या दिवशी?"

"पुरावा पायजे होता..."

"आणि आज सकाळी?"

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. शोभाही. महाराजांपुढे खोटं कसं बोलणार? मी मान खाली घातली.

"आज, महाराज, रस्सा जरा जास्तच जमला होता."

महाराजांनी माळ गळ्यात घातली, पण प्रायश्चित्त दिलं. म्हणाले, "वस्तू शुद्ध होती, भावना नव्हती. जी वस्तू मटण समजून खाल्ली, ती सव्वा महिना वर्ज्य."

म्हणजे बघा माझे हाल! आठ एकर सोयाबीन वावरात डोलतंय, गोठ्यामागे रोज रस्सा उकळतोय, घरातले सगळे माझ्या समोर बोटं चाटतायत, आणि मी ओट्यावर बसून प्रोटीनसाठी मोजून फुटाणे खातोय. नामदेव रोज संध्याकाळी बरोबर जेवायच्या वेळेला येतो. म्हणे, "वहिनी, ते अनोळखी जनावर हाय का आज?"

सव्वा महिना संपला तोवर हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी नामदेव ओट्यावर आला, सोबत चार माणसं. खिशातून रुमाल काढला, हळूच उघडला आणि दाणे माझ्यापुढे धरले.

"वसंताभौ, ओलावा राहू दे. आधी इतकंच सांग, हे सोयाबीन हाय का बकरं?"

चौघंही हसून लोळायला लागले. मी रागाने एक दाणा उचलला आणि उजव्या दाढेखाली धरला. कट्ट आवाज आला.

आणि आता तुमच्यापासून काय लपवू? मला क्षणभर विचार करावा लागला.