भोकं नसलेली मेथी

मी सांगलीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले आणि घरी भाजी निवडायला कधी बसले नाही. त्यामुळे मेथीच्या पानांना भोकं असतात, हे मला मेथी विकायला लागल्यावर कळलं.

गेल्या वर्षी नोकरीसाठी साताऱ्यात आले. मामाचं गाव मेढ्याच्या अलीकडे, स्कूटरवर तासाभराच्या आत. शनिवारी तिकडे मुक्काम करायचा, रविवारी पहाटे भाजी तोडायची आणि साताऱ्यात एका सोसायटीच्या गेटबाहेर टेबल मांडायचं, असं थंडीत सुरू केलं. विहिरीजवळ मामीचा वाफा आहे. त्यात शेणखत आणि चुलीतली राख, एवढंच पडतं. तिथली भाजी घरच्यांनी खायची, उरलेली मी विकायला न्यायची. ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मेथी कडू असते पण नकोशी नसते, हे मला समजलं. शिजताना घरभर वास सुटतो. ओल्या फडक्यात गुंडाळली तर तिसऱ्या दिवशीही ताठ राहते. हे सगळं मला गिऱ्हाइकांना सांगायचं असायचं, पण तोंड उघडायचं नाही. म्हणून पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं: 'औषध न मारलेली. आज पहाटे तोडलेली.'

लोक पुठ्ठा वाचायचे आणि मग पानं उलटी करून बघायचे.

"अगं, अळी निघाली गेल्या वेळी!"

"सगळी भोकंच आहेत की. पानं कुठायत?"

मी नुसती हसायचे. भोकांवर खूश असणारा माणूस एकच, मागच्या गल्लीत राहणारे एक म्हातारे टेलर. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. कापड बघावं तसं ते पान उजेडात धरायचे. "किड्यानं आधी खाऊन बघितलंय, म्हणजे आपल्यालाबी चालतंय," म्हणायचे आणि जुडी पिशवीत टाकायचे.

त्या रविवारी मामी गोठ्यात होती. मी एकटीच टोपली घेऊन वाफ्यात गेले. मेथी नेहमीपेक्षा जास्त खाल्लेली होती. मला आदल्या आठवड्यातले गिऱ्हाइकांचे चेहरे आठवले. बांधापलीकडे मामाचा बाजारासाठीचा पट्टा होता. तिथली मेथी गडद, रुंद, एका पानाला भोक नाही. कोपऱ्यात काठी रोवून तिला एक रिकामी बाटली उलटी टांगली होती. वाऱ्यानं खडखडत होती. मला वाटलं, पाखरं हाकलायला असेल. गोठ्यात जाऊन विचारता आलं असतं. पण त्या घरात मी काही विचारलं की मामा "आली इंग्लिश शाळा" म्हणतो आणि सगळे हसतात. मी विचारलं नाही. अकरा जुड्या बांधल्या.

टेबल मांडून अर्धा तास झाला नसेल, मेथी संपत आली. चाचांनी जुडी उचलली, पान उजेडात धरलं.

"आज किडे सुट्टीवर गेले काय?"

रांगेतले हसले. मीही हसले.

"लेक बाळंतपणाला आलीय. तिच्यासाठी न्यायची, म्हणून विचारतो बेटी. औषध न्हाई ना?"

"नाही," मी म्हणाले. बाकी कुठलाही शब्द मी इतक्या पटकन बोलत नाही.

दुपारी खोलीवर जेवायला बसले आणि मामीचा फोन आला.

"बांधापल्याडची मेथी तू तोडलीस व्हय गं?"

"हो. वाफ्यातल्या मेथीला फार भोकं होती."

"आगं बया! काठीला बाटली टांगलीय न्हवं? परवाच औषध मारलंय तुझ्या मामानं. बाटली काढंपतूर तिकडं हात लावायचा न्हाई. गावातल्या शेंबड्या पोरास्नी बी ठावं हाय."

"मला वाटलं, पाखरांसाठी आहे."

"औषधाचीच बाटली हाय ती. पाखरं काय लेबल वाचत्यात?"

ताट तसंच ठेवून मी गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिहायला लागले. आधी लिहिलं, 'काही गोंधळामुळे'. ते खोडलं. मग लिहिलं, 'आजच्या मेथीवर औषध मारलेलं आहे. चूक माझी आहे. खाऊ नका, टाकून द्या.' पाठवलं आणि दर मिनिटाला फोन बघत खोलीत फेऱ्या मारत राहिले. उत्तरं येत गेली. एक काकू ग्रुप सोडून गेल्या. एकांनी लिहिलं, 'यापेक्षा मंडईतली बरी.' तासाभरात दहा जुड्यांचा हिशोब लागला. राहिली चाचांची. ते ग्रुपवर नव्हते. आणि इतके रविवार ते येत होते, पण त्यांचं घर कुठलं हे मी कधी विचारलं नव्हतं.

मागच्या गल्लीत मी पाच अनोळखी माणसांशी बोलले. एकाला तर दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा माझा आवाजच फुटला नाही. पाचव्यानं दार दाखवलं.

उंबऱ्याशी चाची परात घेऊन बसल्या होत्या. मेथी निम्मी निवडून झाली होती. आतून तान्ह्या बाळाचं रडणं येत होतं.

"चाची, ती मेथी करू नका," मी म्हणाले. "औषध मारलेली आहे."

चाचा बाहेर आले. "मी विचारलं होतं की, बेटी."

"हो. मला माहीत नव्हतं, तरी मी नाही म्हणाले."

चाची उसळल्या. "आन मी तासभर मान मोडून निवडतीय! आधी यायचं न्हाई व्हय?" असं म्हणत त्यांनी परात पिशवीत उपडी केली, पिशवीला गाठ मारून माझ्या हातात दिली आणि साबणानं हात धुवायला गेल्या. दोनदा धुतले. दारात एक शेळी पिशवीकडे तोंड नेत होती. मी पिशवी डोक्याएवढी वर धरून गल्लीतून बाहेर पडले.

संध्याकाळ व्हायच्या आत मी परत मामाकडे पोचले. वाटेत कुठे टाकायचा धीर झाला नव्हता. मामानं बांधाच्या कडेला खड्डा खणला, मी पिशवी उघडून मेथी त्यात ओतली.

"ही बाकीची कधी तोडणार?" पट्ट्याकडे बघत मी विचारलं. या वेळी विचारलं.

"बाजारात भाव आला की."

"आणि बाटली?"

"तवा काढायची."

"औषध उतरायचे दिवस भरले नसले तरी?"

मामा माती ओढत राहिला. मग म्हणाला, "भोकं असल्याली मेथी बाजारात कोन घेतंय? तू सोत्ता हीच तोडलीस की."

मामी वाफ्यात उद्यासाठी घरची भाजी तोडत होती. बांधाच्या या बाजूला मेथीच्या रांगा पार ओढ्यापर्यंत गेल्या होत्या. अकरा जुड्या मी पोटात जाण्याआधी थांबवल्या होत्या, कारण त्या कुणाकडे गेल्या हे मला माहीत होतं. या पट्ट्यातल्या जुड्या कुणाकडे जातील, हे मामालाही माहीत नव्हतं.

बाटली खडखडत होती. मी तिथं उभी राहिले, मामी हाक मारेपर्यंत.