‘लुक आफ्टर’चे प्रतिशब्द

सोनईच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आणि नववीच्या वर्गात दर वर्षी एक तरी महाभाग ‘लुक आफ्टर’चा अर्थ ‘नंतर बघू’ असा लिहायचाच. लुक म्हणजे बघणे, आफ्टर म्हणजे नंतर. त्या पोराचं काही फार चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नसे, तरी मी डस्टर आपटायचो. इंग्रजांनी दोन साधे शब्द शेजारी बसवून तिसराच अर्थ काढला असेल तर तो मुकाट्याने पाठ करावा, तिथे डोकं चालवू नये, असं माझं मत होतं. अजूनही आहे. निवृत्तीनंतर हेच क्रियापद मला पुन्हा शिकवावं लागलं, एकाच मुलीला, माझ्याच घरात. ते मी इतकं मन लावून शिकवलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता रोज वाटतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला गाद्या भरण्याचं दुकान आहे, त्या दुकानदाराची ती मुलगी. नगरला नर्सिंग करून तिथल्याच एका दवाखान्यात ती लागली होती. पुढे इंग्लंडला जायचं डोक्यात घेतलं आणि इंग्रजीच्या परीक्षेसाठी नोकरी सोडून घरी अभ्यासाला बसली. लिहिणं-वाचणं जमायचं, बोलायची वेळ आली की अडायची. तिचे वडील माझ्याकडे आले तेव्हा मी आधी नाही म्हणालो. माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि एकेक शब्द तिला ओढून काढावा लागायचा. पण तिच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याच माणसाने खास मऊ गादी भरून आणून दिली होती. त्याला किती वेळा नाही म्हणणार?

पत्नीला एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून शिकवणी तिच्या खाटेशेजारीच चालायची. या परीक्षेत एक कार्ड देतात, त्यावरच्या विषयावर दोन मिनिटं न थांबता बोलायचं असतं. तोच तो शब्द पुन्हा वापरला की गुण कापले जातात, असं मी तिच्या मनावर बिंबवलं. नर्सला विचारून विचारून काय विचारणार, माणसं सांभाळण्याबद्दलच. मग मी ‘लुक आफ्टर’चा सगळा गोतावळा तिच्यापुढे उभा केला. टेक केअर ऑफ, टेंड, नर्स, माइंड, अटेंड टू. दुखणाईताला नर्स करतात, दुसऱ्याचं मूल तासभर माइंड करतात, टेंड जखमेलाही करतात आणि बागेलाही. ती हे शब्द लगेच पत्नीवर चालवून बघायची. केस विंचरताना म्हणायची, “आय अ‍ॅम माइंडिंग काकूज हेअर.” मी कपाळावर हात मारायचो आणि पत्नी अर्ध्या तोंडाने हसायची. झटक्यानंतर ते हसू मी पहिल्यांदा तिथेच पाहिलं.

मराठीत आपल्याकडे याला शब्दांचा तोटा नाही. सांभाळणं, जपणं, निगा राखणं, शुश्रूषा. पण गावातल्या बाया यातला एकही वापरत नाहीत, त्या नुसतं ‘करणं’ म्हणतात. सासूचं केलं, आईचं कोण करतं. माझ्या पत्नीनेही माझ्या आईचं शेवटपर्यंत केलं होतं, आणि मी तेव्हा पेपर तपासत होतो. त्या मुलीला मी हा शब्द सांगितला तर ती म्हणाली, याला इंग्रजी काय? ‘डू’ म्हणून चालत नाही, एवढंच मला सांगता आलं.

मला एक खोड आहे. समोरच्याचं वाक्य अडलं की मी ते पुरं करतो. वर्गात ते खपून गेलं. घरात मात्र पत्नी ‘पा’ म्हणेपर्यंत मी पाणी आणून द्यायचो आणि तिला पावडर हवी असायची. मग ती बोलायचीच बंद व्हायची. ही मुलगी थांबायची. हातातली वाटी तशीच धरून, काकूंच्या तोंडाकडे बघत, शब्द येईपर्यंत. रमजानमध्ये दिवसभर रोजा धरून ती दुपारी पत्नीला मऊ भात भरवायची, स्वतःच्या ओठांवरून जीभही न फिरवता. मी म्हणालो, हे तुझं काम नाही, अभ्यास कर. ती म्हणाली, अभ्यासच चाललाय सर. बघता बघता पत्नी पुऱ्या वाक्याने बोलायला लागली. माझ्याशी नाही, तिच्याशी.

पहिल्या खेपेला पुण्याला जाऊन परीक्षा दिली, निकाल आला तो थोडक्यात हुकलेला. बोलण्यातच कमी पडली. मुलगी रडली आणि माझं तर डोकंच फिरलं, कारण तो माझा विषय होता. पत्नीने मात्र त्या संध्याकाळी मागून शिरा खाल्ला. मी ताट उचलत होतो, तर तिने डाव्या हाताने माझी बाही धरली. बराच वेळ ओठ हलत राहिले आणि मग ती म्हणाली, “आता तिला... लई चांगलं... शिकवू नका.”

यात पुरं करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी चिडलो. शिकवताना मी कधी हातचं राखलं नाही आणि आता म्हातारपणी राखणार नाही, असं काहीतरी बोललो. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, असंही म्हणालो. तिने बाही सोडली आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारच्या शिकवणीला सकाळचीही जोड दिली. हट्टालाच पेटलो होतो. मी बरोबर होतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही ठाऊक आहे. बरोबर असण्याचा घरात काही उपयोग होत नाही, हे मात्र उशिरा कळलं.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. निघायच्या दिवशी तिच्या आईने शीरखुर्मा पाठवला. मुलीने काकूंची वेणी घातली, कपाळाला कपाळ टेकवलं आणि गेली. पुण्यात असलेल्या आमच्या मुलाने एक बाई लावून दिली, कामाला चोख होती, पण तिच्या हातचा घास पत्नी तोंडात घेईना. शेवटी सगळं माझ्याकडे आलं. मी आता अंघोळ घालतो, भरवतो, केस विंचरतो. भांग वाकडा पडतो, ती आरसा मागत नाही. तिचे शब्द पुन्हा आटत गेले, आणि ते परत कसे आणायचे हे शिकवणारं मला कोणी नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी त्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती, ती गणवेशात, कामावर जायच्या घाईत. मी फोन पत्नीसमोर धरला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर मुलगी म्हणाली, एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. परीक्षेत कार्ड आलं होतं ते ‘तुम्ही ज्यांना सांभाळलं अशा एका व्यक्तीबद्दल बोला’ असं. कार्ड वाचलं आणि तिचे सगळे प्रतिशब्द साफ उडाले.

“सर, रागावू नका. दोन मिनिटं मी लुक आफ्टर, लुक आफ्टर एवढंच म्हणत होते. पण एकदाही अडले नाही. काकू, तुमच्याबद्दल बोलले ना मी. तुमची वेणी, तुमचा भात, सगळं सांगितलं. तुमच्यामुळेच पास झाले.”

मला खरं तर हसू आलं, एवढे महिने घोकून घेतलेल्या गोतावळ्याची ही गत. मी पत्नीकडे पाहिलं. तिचा डावा हात पडद्याकडे निघाला होता, तो मध्येच थांबला. ओठ हलायला लागले. मुलगी तिकडे नेहमीसारखी वाट बघत राहिली.

“म्हंजी,” पत्नी म्हणाली, “मीच... धाडली... तिला.”

एवढ्यात नेट अडकलं. पडद्यावर मुलीचा चेहरा क्षणभर थिजला आणि मग आवाज परत आला. काकू काय म्हणाल्या, ते तिला ऐकू गेलं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “बरी आहे म्हणते.”