दुसरं का नाही?

मुलीचा पापा घेतला की ओठांना मीठ लागायचं. ती वर्षाची व्हायच्या आतच मी हे डॉक्टरांना सांगितलं होतं. ते हसले. "घाम येतो बाई, धुळ्याचा उन्हाळा आहे." तिचा खोकला थांबत नव्हता, कितीही खाल्लं तरी अंगी लागत नव्हतं, आणि तरीही तिला क्षयाची औषधं पाजत राहिले. क्षयाचे जंतू एकदाही सापडले नाहीत, तरी पाजत राहिले. शेवटी आम्ही मुंबई गाठली. तिथे तिच्या हाताचा घाम तपासला आणि आजाराचं नाव कळलं: सिस्टिक फायब्रोसिस. छातीतला कफ चिकट होतो, अन्न पचवणारे रस आतड्यात पोचत नाहीत, घामावाटे मीठ निघून जातं. बरा होत नाही, सांभाळावा लागतो. दोष आई आणि बाप दोघांकडून येतो तेव्हाच मुलाला हा आजार होतो, आणि पुढच्या प्रत्येक मुलाला चारात एक इतका धोका, असंही तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "दोघांकडून" हा शब्द मी त्यांच्याकडून नवऱ्यासमोर पुन्हा म्हणवून घेतला. मला माझं सासर माहीत होतं.

धुळ्याच्या देवपुरात आमच्या दोन खोल्या होत्या. नवरा कॉलेजात शिकवायचा, मी प्राथमिक शाळेत. सकाळी शाळेआधी तिला मांडीवर पालथी घ्यायची, डोकं खाली, आणि तळवा वाटीसारखा करून पाठ थोपटायची, कफ सुटेपर्यंत. संध्याकाळी हे काम नवऱ्याचं. प्रत्येक जेवणाआधी कॅप्सूल फोडून आतले दाणे केळ्याच्या घासात द्यायचे. शेजारणी विचारायच्या, "रोज मारता का हो पोरीला?"

ती चार वर्षांची असताना अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही चोपड्याला, सासरी गेलो. नणंद माहेरपणाला आली होती. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता आणि आमची पोर झोक्यावरून उतरायला तयार नव्हती. ऊन असं की घाम वाळून तिच्या कपाळावर पांढरी पूड दिसत होती. मी तांब्याभर मीठ-साखरेचं पाणी करून नणंदेजवळ दिलं. "अक्का, थोड्या थोड्या वेळाने घोट घोट पाजा. विसरू नका." आणि पुरणाला बसले.

अक्कांनी पाणी चाखलं आणि मोरीत ओतलं. लेकराला कोणी मीठ पाजतं का, म्हणून. साधं माठातलं पाणी दिलं.

दुपारी पोरगी झोक्याखाली पडलेली सापडली. डोळे अर्धे उघडे, हात लोंबणारे. नवऱ्याने तिला उचलून गावातल्या दवाखान्यात पळत नेलं, मागे मी, पिठाच्या हातांनी.

"ऊन लागलंय," डॉक्टर म्हणाले. "गार पाणी पाजा, घरी न्या."

"साध्या पाण्याने भागणार नाही. तिच्या अंगातलं मीठ गेलंय. सलाईन लावा."

"डॉक्टर तुम्ही की मी?"

तेव्हा माझा नवरा, जो आयुष्यात कोणाशी आवाज चढवून बोलला नव्हता, तो म्हणाला, "या आजारापुरती तीच. लावा सलाईन."

लावलं. संध्याकाळी पोरीने डोळे उघडले आणि आंबा मागितला. मला वाटलं, आता तरी कोणी म्हणेल, चुकलं. सासरे आले, खाटेजवळ बसले आणि तिच्याच देखत म्हणाले, "या पोरनं काही खरं नही. आजून एक व्हऊ द्या. पोऱ्या व्हई. आमना घरमा असं दुखनं कोनलेच नही."

म्हणजे दुखणं माझ्या माहेरचं.

"आबा, दोघांकडून आलंय हे," नवरा म्हणाला. "माझ्याकडूनही."

"बायको शिकाडस तसं बोलस तू," आबा म्हणाले आणि उठून गेले.

दुसरं नको, हे आम्ही मुंबईहून परततानाच एसटीत ठरवलं होतं. हिचा श्वास चालू ठेवायला आमचे चारही हात लागत होते. आता ते कायमचं करून टाकावं म्हणून मी धुळ्यात ऑपरेशनची चौकशी करायला गेले. दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण, छोट्या कुटुंबाची चित्रं. आत डॉक्टरांनी विचारलं, "मुलं किती?"

"एक मुलगी."

"मुलगा नाही? आणि तीही आजारी? उद्या तिला काही झालं तर रडत याल. जा, सासूबाईंना घेऊन या."

मी तिशीला आले होते. शाळेत साठ पोरांचा वर्ग सांभाळत होते. माझ्या पोटाबद्दल सासूची परवानगी आणायची! घरी येऊन मी भांडी आपटत नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मग मीच करून घेतो."

सुटीत त्याने जळगावला जाऊन करून घेतलं. त्या काळी त्या ऑपरेशनचं नाव काढलं तरी पुरुष विषय बदलायचे. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीची दहशत अजून गेली नव्हती. चोपड्याला कळलं तेव्हा आबांनी बोलणं टाकलं. मुलाशी नाही, माझ्याशी. ऑपरेशन त्याचं, पाप माझं.

पोरगी आठवीपर्यंत शाळेत गेली. नदीकाठच्या मैदानात सायकल शिकली, गुडघे फोडून घेतले, खोकत खोकत भांडली. नववीच्या थंडीत छाती भरली ती पुन्हा मोकळी झाली नाही.

ती गेल्याच्या दहाव्या दिवशी नातेवाईक जमले होते. अक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "तवय आबानं ऐकतीस, तर आज घर रिकामं नसतं."

मी हात सोडवून घेतला. "अक्का, ती बदलून मिळणारा माल नव्हती," म्हणाले. "चहा झाला असेल तर उठा."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. अक्का पदर सावरत उठल्या. नवरा दारात उभा होता. तो बाजूला झाला आणि त्यांना वाट करून दिली.