दे वं!

"दे गा! दे गा, दे!"

मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून ही हाक यायची, आणि हाक देणाऱ्याचे दोन्ही हात छातीपाशी उघडे असायचे. दुसऱ्या कॉलेजची पोरं त्याला चिडवायची, "काहून बे, भीक मागून राह्यला का?" तो हसून पुन्हा हात पसरायचा. मागायचा सगळ्यांत जास्त, ठेवायचा मात्र काहीच नाही. चेंडू आला की पुढच्याच क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

मी नागपूरला शिकायला आलो तो सत्तरचा सुमार. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. हाका देणारा तो माझ्या एक वर्ष पुढे, उमरेडच्या विणकराचा मुलगा, रोज एसटीने येणारा. आमचं कॉलेज लहान आणि बास्केटबॉलचं मैदान मुरमाचं. चेंडू खडीवर पडला की भलतीकडेच उडायचा. त्यामुळे टप्पे देत एकट्याने पळणं आम्हाला कधी जमलंच नाही. या हातातून त्या हातात, एवढंच यायचं.

मोठ्या कॉलेजांच्या सिमेंटच्या मैदानांवर हाच अडाणीपणा कामी आला. त्यांचा एकेक गडी ऐटीत टप्पे देत निघायचा. आमचा चेंडू जमिनीला लागायचाच नाही. लहान कॉलेजचा संघ विद्यापीठाची एवढी मोठी स्पर्धा कसा जिंकला, असं अजून कोणी विचारलं तर मी मुरमाचं सांगतो. त्याच्याबद्दल सांगताना अडखळतो.

त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की खेळाडू म्हणून सरकारी नोकरी लागायची. तो म्हणायचा, "सिलेक्शन झालं का बाबाले सांगतो, आता उठा मागावरून." लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

उपांत्य सामन्यात माझ्या पाठीमागून हाक आली, "दे गा!" मी न बघता चेंडू मागे दिला. तो समोरच्या संघातल्या गड्याच्या हातात गेला. हाक त्या गड्यानेच दिली होती. नागपुरात 'गा' कोण म्हणत नाही?

मी मान खाली घालून उभा. हा आमचा गडी जवळ आला.

"रडतो काहून बे? आतापासून मी 'वं' म्हणीन."

"बायकांले म्हणते थे?"

"हो. थे कोन चोरनार हाये?"

आणि खरंच, त्या भरल्या मैदानावर हा उंचापुरा गडी आम्हाला ओरडू लागला, "दे वं! इकडं दे वं!" लोक पोट धरून हसले. कोणीतरी ओरडलं, "लुगडं नेसून या बे उद्या!" समोरचा संघही हसायला लागला, आणि हसण्याच्या नादात आम्हाला मोकळं सोडत गेला. आम्ही जिंकलो.

अंतिम सामन्यात शेवटपर्यंत बरोबरी होती. निवड करणारे साहेब टेबलापाशी बसलेले. चेंडू त्याच्या हातात आला तेव्हा तो बास्केटखाली अगदी एकटा होता. आम्ही सगळे ओरडलो, "मार!" त्याने तो माझ्याकडे फेकला. "घे वं!" मी मारला. आम्ही जिंकलो आणि लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

नंतर मी विचारलं, "तू काहून नाही मारला?"

"तू मोकळा होता ना बे."

"तूही होता."

तो जरा विचारात पडला. "माह्याकडं ध्यानच नाही गेलं."

आमच्या कॉलेजातून निवड एकाचीच झाली, माझी. त्याच्याविषयी एक साहेब म्हणाले, "तो नुसता ओरडतो." मी पेढे वाटले. त्याने एक खाल्ला आणि पुन्हा हात पुढे केला, "दे वं, आनखी एक. मायले नेतो."

त्या निवडीवर मला नोकरी लागली. बहिणींची लग्नं झाली, गावाकडचं घर पक्कं झालं. जन्मभर मागत हिंडलेल्या त्या माणसाने माझ्याकडे पुढे कधी काही मागितलं नाही. एकदा मागायला आला असता तर मी सुटलो असतो.

बऱ्याच वर्षांनी मीच उमरेडला गेलो. दारात त्याची आई बसली होती. आत माग नव्हता.

"थो तर चांद्याकडं गेला, कोळशाच्या खानीत. सनाले येते कधीमधी. तू कोन गा, बापू?"

"त्याच्यासोबत खेळायचो, माय. एकदा त्याने तुमच्यासाठी पेढा आणला होता."

तिचा चेहरा उजळला. "हो तं! म्हने, आपलं सिलेक्शन झालं. मी साऱ्या मोहल्ल्यात सांगतलं, पोराले नोकरी लागनार. याच्या बापानं त्याच दिवशी माग थांबवला." मग ती थोडी पुढे वाकली. "मंग थे नोकरी काहून नाही लागली गा? थो काही बोललाच नाही. तुले मालूम असन."

आपलं. त्याने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला तो शब्द तसाच येत होता, सगळ्यांचा मिळून.

"माय, ते त्याने मला दिलं," मी म्हणालो.

"काय देल्लं?"

तेवढ्यात मागून हाक आली, "दे वं!"

मी गर्रकन वळलो. दोन्ही हात आपोआप छातीपाशी आले होते. नळावर दोन पोरी पाण्याने भरलेले पितळी गुंड एकमेकींच्या डोक्यावर चढवत होत्या. माझ्याकडे पाहून त्या खुदकन हसल्या.

हात खाली घ्यायला मला वेळ लागला. माय त्या रिकाम्या हातांकडे बघत अजून उत्तराची वाट पाहत होती.