दुसऱ्याच्या वावरात उभा केलेला आजा

"आजोबा, हात जरा मातीत घाला. लई स्वच्छ दिसतायत," कॅमेरेवाला म्हणाला.

मी घातले. आमच्याच महाळुंगे पडवळच्या एका बागायतदाराचं वावर. माझ्या डोक्याला त्याचा फेटा. हातात त्याच्याच बैलाचा कासरा. तो बांधावरून वरडला, "ए म्हाताऱ्या, कांद्यात पाय देऊ नको. फोटोपुरताच मालक हाय तू!"

सगळी हसली. मीबी हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येती.

माझी नात कुस्ती खेळती. परदेशातनं पदक आणलं तिनं. मग सरकारच्या कुठल्याशा हापिसानं ठरवलं, चार खेळाडू देशोदेशी धाडायचे. त्यांच्याकडं बघून लोकांनी आपला देश वळखायचा. त्यात तिचं नाव निघालं. त्यासाठी ही फिलिम. पुण्याहून साहेब आला व्हता. त्यानं कागद वाचून दाखवला. माझी शाळा दुसरीत सुटली, मला वाचता येत न्हाई. कागदात व्हतं, 'शेतकऱ्याची नात.'

मी म्हणालो, "साहेब, आमाला वावर न्हाई. आमी मांग. मी हलगी वाजवतो."

साहेब गोड बोलला. "बाबा, बाहेरच्या लोकांपुढे हे कशाला? देशाची शोभा होते. आणि तिचं नाव अजून पक्कं झालेलं नाही."

पक्कं झालेलं न्हाई. म्हणून मी फेटा बांधून घेतला.

पन्नास वर्षं जत्रंच्या आखाड्यात हलगी वाजवली. पैलवान माझ्या ठेक्यावर उतरायचा. मी कडेला, मातीच्या बाहेर. ही पोर माझ्या मांडीला टेकून डाव बघायची आन घरी येऊन उशीला धोबीपछाड मारायची. कुस्ती तिथं शिकली ती. कांद्यात न्हाई.

कॅमेरा चालू झाला. साहेबानं विचारलं, "आजोबा, नात कुणामुळं घडली?"

उत्तर पाठ करून घेतलं व्हतं. 'या काळ्या आईमुळं.' बांधावर बागायतदार उभा. त्याच्या बापानं माझ्या बापाच्या वंजळीत वरून पाणी वतलं, तांब्या कधी हातात दिला न्हाई. त्याच्या वावराला मी आई म्हणू?

फेटा काढला. बैलाच्या शिंगाला अडकवला.

"वावर यांचं. बैल यांचा. नात हलगीवाल्याची. चालत असंल तर घ्या. न्हाईतर बंद करा."

"पोरीचं वाटोळं कराल," साहेब म्हणाला.

बागायतदार म्हणाला, "यांना वर काढायला गेलं की असंच व्हतं, राव."

हमरस्त्यापातूर चालत आलो. तिथनं नातीला फोन लावला. "पोरी, तुझं नाव घालवलं बघ मी."

ती म्हणाली, "आबा, मलाबी तेच पाठ करायला दिलं व्हतं. मी बोलले. दोनदा."

रडत व्हती. मला राग आला, पर तिचा न्हाई. आयुष्यभर मला मान खाली घालताना बघितलं तिनं. तेच शिकली.

यादी आली. तिचं नाव न्हाई. म्हाताऱ्यानं पोरीचं नुकसान केलं, असं लोक तोंडावर बोलत्यात. केलं. पुन्हा करीन.

तिला सांगितलंय, पुढं कुणी इचारलं तर खरं सांग. पाठवू देत न्हाईतर घरी बसवू देत. आन ज्याला आमची फिलिम काढायची त्यानं मांगवाड्यात यावं, आमच्या घरात बसावं, आमच्या तांब्यानं पाणी प्यावं. मगच कॅमेरा काढावा. न्हाईतर आल्या वाटंनं माघारी जावं.