फ्रिजमधला थंड भात
चूक माझीच होती; बीफचा खिमा परतल्याचा वास आला की ती अजून टोचते. तेव्हा मी बहारीनमधल्या झल्लाकच्या हॉटेलात कामाला होतो; तिथलं बुफेतलं उरलेलं टाकून द्यायच्या सवयीने मी घरच्या फ्रिजमधला भातही टाकला. बारा वर्षांच्या लेकीने आईच्या वाढदिवसाच्या फ्राइड राइससाठी तो मुद्दाम थंड करून ठेवला होता. “डॅडी, धिस इज नॉट युवर बुफे!” ती रडली, आणि वर मीच तिला दटावलं. तिने नवा भात शिजवला, परातीत पसरून एसीखाली निववला, खिम्यात परतला. ड्यूटीवरून आलेली बायको पहिल्याच घासाला म्हणाली, “ओ हॉटेलवाले, शिका पोरीकडून!” शीत न् शीत सुटं होतं. अभिमानाने ऊर भरून आला, पण माफी मागायची राहूनच गेली. परवा, इतक्या वर्षांनी, लेकीने तिच्या सासरी-संसारी घरी तसाच भात वाढला, तेव्हा म्हणालो, “बाय, त्या दिवशी मी चुकलो. माफ कर.”